दोन वर्षांचा करार

छातीवर शाईने घातलेला नंबर घामाने फिसकटू देऊ नका. फिसकटला तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. साल १९६३, इस्तंबूलचा तोफाने भाग, पश्चिम जर्मनीचं कामगार भरती कार्यालय. तुम्ही नुसत्या चड्डीवर उभे आहात, शेजारी तुमच्यासारखेच पंधरा-वीसजण, आणि सगळे एकमेकांकडे न बघण्याची खटपट करताहेत.

अंग तुमचं नाही, उसनं घेतलंय. अनातोलियातल्या एका कोरडवाहू गावचा सव्वीस वर्षांचा शेतकरी. मागे बायको, दोन पोरं आणि सावकाराचं देणं. डोकं मात्र तुमचंच, आजचं, मराठी वर्तमानपत्रं वाचणारं. परदेशी कामगारांवरचा वाद तुम्ही पुष्कळ ऐकलाय. ठरावीक मुदतीसाठी माणसं बोलावून परत पाठवता येतात का? राहिलीच तर त्यांना नागरिकत्व द्यायचं का, आणि कधी? या प्रश्नांवर तावातावाने बोलणाऱ्यांना मी नेहमी या रांगेत आणून उभं करतो.

डॉक्टर जर्मन, दुभाषा तुर्की. "आ कर." दात तपासले जातात. "वाक." हर्निया नाही ना, ते बघतात. मग रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. तुमच्या पुढचा कुजबुजतो की बाटलीतली लघवी त्याने बाहेरच्या गल्लीत दुसऱ्याकडून विकत घेतली आहे. स्वतःच्या मूत्रपिंडांवर त्याचा भरवसा नाही. दुभाषा तुमचे तळवे उलटे करून घट्ट्यांवरून बोट फिरवतो आणि मान डोलावतो. पास.

कपडे घालून बाहेर आलात की टेबलावर करार असतो. कोलोन शहर, फोर्डचा मोटार कारखाना, एक वर्षाचं काम. आणि या करारामागे आणखी एक करार आहे, तो तुम्हाला कुणी दाखवत नाही: ३० ऑक्टोबर १९६१ चा, पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान या दोन सरकारांमधला. जर्मनीने असेच करार इटलीशी १९५५ मध्ये, स्पेन आणि ग्रीसशी १९६० मध्ये केले होते. कारखाने धडाडत होते, माणसं पुरत नव्हती, आणि ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर पूर्व जर्मनीतून पळून येणारे कामगारही थांबले. तुर्कस्तानला बेकारी कमी करायची होती, परकीय चलन हवं होतं. सगळ्यांची सोय होती. फक्त तुर्कांच्या करारात एक कलम जास्तीचं होतं, जे इटालियनांच्या करारात नव्हतं: दोन वर्षांच्या पुढे राहण्याचा परवाना मिळणार नाही. दोन वर्षं झाली की तुम्ही परत आणि तुमच्या जागी नवा. आळीपाळीने. कुटुंब आणण्याबद्दल चकार शब्द नाही.

तुम्ही अंगठ्याऐवजी सही करता. दोन वर्षं तुम्हालाही पुष्कळ वाटतात. देणं फिटेल, एखादा ट्रॅक्टर येईल, मग गाव आहेच.

सिर्केजी स्थानकातून सुटलेली गाडी बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, ऑस्ट्रिया ओलांडत तिसऱ्या दिवशी म्युनिकच्या अकरा नंबरच्या फलाटावर लागते. पाय सुजून बुटात मावत नाहीत. तिथून जिना उतरून खाली नेतात. युद्धात बाँबपासून लपायला बांधलेला बंकर आता कामगारांचं वाटपकेंद्र आहे. गरम जेवण मिळतं. मग कर्ण्यावरून कंपन्यांची नावं पुकारली जातात आणि माणसांचे गठ्ठे पडतात.

कोलोनचं वसतिगृह: एका खोलीत सहाजण, दुमजली खाटा, सामाईक चूल. कारखान्यातला पट्टा तुमच्यासाठी थांबत नाही. टाऊनस गाडीचा सांगाडा समोर येतो, तुम्ही तुमचे बोल्ट पिळता, तो जातो, दुसरा येतो. तुम्ही मराठी डोक्याने गिरणगाव आठवता: दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा, खाणावळीत जेवणारा, गावच्या घराला दर दिवाळीला पैसे धाडणारा कोकणातला चाकरमानी. साम्य खरंच आहे. पण त्या चाकरमान्याला मुंबईत मत होतं. त्याच्या दारात लालबाग-परळचा उमेदवार हात जोडून यायचा. तुमच्या दारात इथे कुणी येणार नाही. या एका फरकाने पुढची चाळीस वर्षं घडणार आहेत, म्हणून तो आत्ताच लक्षात ठेवा.

आता सप्टेंबर १९६४. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण या महिन्यात दोन गोष्टी घडतात आणि जगाला त्यातली एकच दिसते.

१० तारखेला सुट्टीची पाळी साधून तुम्ही ऱ्हाईनच्या पलीकडे डॉइट्स स्थानकावर जाता. बॅण्ड, कॅमेरे, कोट घातलेले कारखानदार. पोर्तुगाल आणि स्पेनहून गाडी येते आणि कर्ण्यावरून एक नाव पुकारलं जातं: आर्मांदो रॉड्रिगेस द सा. अडतीस वर्षांचा पोर्तुगीज सुतार. तो घाबरतो. त्याला वाटतं, कागदात काहीतरी चूक निघाली, आता परत पाठवणार. त्याला पुढे ढकलतात, हातात फुलांचा गुच्छ देतात आणि एक नवी कोरी त्सुंडाप मोपेड. तो जर्मनीतला दहा लाखावा परदेशी कामगार ठरलाय. मोपेडवर बसलेल्या त्या बावरलेल्या माणसाचा फोटो देशभर छापून येतो. मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. माणूस पुढे पोटाच्या कर्करोगाने आजारी पडून गावी परतला. आजारपणात जर्मन विम्याकडून मदत मिळू शकते हे त्याला कुणी सांगितलं नाही. साठवलेली पुंजी औषधपाण्यात गेली आणि १९७९ मध्ये तो वारला.

दुसरी गोष्ट ३० सप्टेंबरची. बॅण्ड नाही, फोटो नाही. दोन सरकारं तुर्की कराराची सुधारित प्रत मान्य करतात आणि दोन वर्षांचं ते कलम गुपचूप काढून टाकतात.

हे कुणी मागितलं? तुम्ही नाही, तुम्हाला अजून फोरमनशी धड भांडताही येत नाही. मागितलं मालकांनी. त्यांचं गणित सरळ होतं. माणूस आणायचा, सहा महिने त्याला यंत्र शिकवायचं, कामापुरती जर्मन शिकवायची, आणि हात बसला की त्याला घरी पाठवून नवा अडाणी आणायचा? हा तोट्याचा धंदा. फोरमन तुमच्या खांद्यावर थाप मारून मुदतवाढीचा कागद पुढे करतो. तुम्ही सही करता. तुमचा मुक्काम वाढवायचा निर्णय असा कारखान्याच्या हिशेबखात्यात झाला आहे. 'आले आणि ठाण मांडून बसले' असं पुढे कुणी म्हटलं तर ही ३० सप्टेंबरची तारीख त्यांच्यापुढे ठेवता येईल, पण ती कुणाला पाठ नसते. मोपेड सगळ्यांना आठवते.

न्यायाने बोलायचं तर मुदतीची व्यवस्था साफ फसली असंही नाही. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख माणसं कामासाठी जर्मनीत आली आणि त्यातली सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. वसतिगृहात तुमच्या खालच्या खाटेवरचा गेला, समोरचा गेला. मुदतीच्या बाजूने बोलणारे हाच आकडा सांगतात आणि तो खरा आहे. पण उरलेल्या तीसेक लाखांचं काय करायचं, याचं उत्तर कुणी तयार ठेवलं नव्हतं. तुम्ही त्या उरलेल्यांपैकी.

१९७३ चा ऑगस्ट. तुम्ही छत्तीस वर्षांचे, कंबर पन्नाशीची. उन्हाळ्याची सुट्टी चार आठवड्यांची. मोटारीने गावी जायचं तर जाता-येता आठवडाभर रस्त्यातच जातो. उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्कांना फोर्डने काढून टाकलंय आणि त्यांचं काम तुमच्या पट्ट्यावर वाढवलंय. २४ तारखेला शुक्रवारी पट्टा थांबतो. मागण्या: काढलेल्यांना परत घ्या, तासाला एक मार्क वाढवा, पट्ट्याचा वेग कमी करा. तुम्ही कारखान्यातच झोपता. युनियन तुमच्या बाजूने उभी राहत नाही. गंमत अशी की आदल्याच वर्षीच्या कायद्याने तुम्हाला कारखान्याच्या कामगार समितीत निवडून यायचा हक्क मिळालाय. फाटकाच्या आत तुम्ही उमेदवार होऊ शकता. फाटकाबाहेर कोलोनच्या नगरसेवकासाठी मतही देऊ शकत नाही. ३० ऑगस्टला पोलीस येतात, संप मोडतो.

तीन महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, तेलसंकटाच्या धाकात सरकार परदेशी भरती बंद करतं. या निर्णयामागची अपेक्षा सोपी: नवे येणार नाहीत, जुने हळूहळू जातील, आकडा उतरेल.

तुमच्या डोक्यात काय चालतं ते बघा. कालपर्यंत वाटायचं, वर्षभर गावी जाऊन येऊ, जमलं नाही तर पुन्हा अर्ज करू. आता दार एकदा मागे लागलं की उघडणार नाही. मग जायचं कशाला? उलट बायकोला बोलवा. शिवाय १९७५ पासून गावी ठेवलेल्या पोरांसाठी मिळणारा बालभत्ता कमी झाला. इथे आणलं तर पूर्ण. तुम्ही पोरं आणता. तुमच्यासारख्या हजारोंनी आणली. भरती बंद झाली तेव्हा जर्मनीत सुमारे नऊ लाख तुर्क होते, १९८० मध्ये चौदा लाखांवर गेले. लोंढा थांबवायला बांधलेल्या बंधाऱ्याने पाणी अडवून तळं केलं. धोरण आखणाऱ्यांनी माणसाच्या जागी उभं राहून पाच मिनिटं विचार केला असता तरी हे दिसलं असतं. पण त्यांच्यासमोर आकडे होते.

सत्तरच्या दशकात तुम्ही नागरिकत्व मागू शकला असता का? कागदोपत्री, हो. पण १९१३ च्या कायद्याने जर्मनपण रक्तातून येत होतं. तुमच्यासारख्याला ते देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. १९७७ च्या नियमावलीत तर लिहूनच ठेवलं होतं की जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही. तुमची धाकटी मुलगी कोलोनच्या इस्पितळात जन्मली, तिच्याही कागदावर परदेशी. १९७९ मध्ये हाइन्त्स क्यून नावाचा माणूस, सरकारनेच नेमलेला परदेशी नागरिकांचा पहिला आयुक्त, अहवाल देतो: ही माणसं राहणार आहेत हे मान्य करा, इथे जन्मलेल्या पोरांना नागरिकत्वाचा हक्क द्या, पालिकेत मत द्या. मला विचाराल तर या साऱ्या प्रवासातला सगळ्यात शहाणा कागद तो. तो फडताळात गेला. त्यातली मुख्य शिफारस कायद्यात यायला एकवीस वर्षं लागली.

दोष सगळा त्यांच्या पदरात टाकू नका. तुम्हीही दर वर्षी म्हणत होता, पुढच्या वर्षी जाऊ. गावच्या घरावर एक मजला चढवलात, दुसऱ्यासाठी लोखंडी सळ्या वर ठेवल्या. जर्मन शिकायचा कंटाळा केलात. पोरांना शाळेत काय कळतंय, काय नाही, ते विचारलं नाही. सरकार म्हणत होतं तुम्ही जाणार, तुम्ही म्हणत होता आम्ही जाणार, आणि या एकमताच्या आधारावर दोघांनीही काही केलं नाही.

१९८३. तुम्हाला ठाऊक नसलेली एक भेट आदल्या ऑक्टोबरात बॉनमध्ये झाली आहे: नवे चान्सलर हेल्मुट कोल यांनी मार्गारेट थॅचरना खासगीत सांगितलं की तुर्कांची संख्या निम्म्याने कमी करायची आहे. हे टिपण ब्रिटिश दप्तरातून तीस वर्षांनी बाहेर आलं. तुम्हाला दिसतो तो फक्त कायदा. बंद पडलेल्या किंवा कामाचे तास कापलेल्या कारखान्यातला कामगार सहकुटुंब कायमचा निघून गेला तर त्याला १०,५०० मार्क, शिवाय प्रत्येक मुलामागे १,५००. पेन्शनसाठी कापलेले पैसेही लगेच परत. मात्र त्याचा स्वतःचा हिस्साच, मालकाचा नाही. शेजारचा घेतो आणि जातो. त्याची सोळा वर्षांची मुलगी जिन्यात बसून जर्मनमध्ये रडते. सुमारे अडीच लाख माणसं अशी गेली. तुम्ही हिशेब मांडता, मालकाच्या हिश्शावर बोट ठेवता आणि राहता.

पुढची वर्षं भराभर. दोन राज्यांनी परदेशी रहिवाशांना पालिकेत मत देऊ केलं होतं, १९९० मध्ये घटना न्यायालयाने ते रद्द ठरवलं: मत हवं तर आधी नागरिक व्हा. १९९१ पासून पंधरा वर्षं राहिलेल्यांसाठी वाट थोडी रुंद झाली, पण जुना पासपोर्ट सोडायचा. तुम्ही सोडला नाहीत. गावच्या जमिनीचं काय, वडिलांच्या कबरीचं काय. १९९३ च्या मे महिन्यात कोलोनपासून तासाभरावरच्या झोलिंगेनमध्ये एका तुर्क कुटुंबाचं घर पेटवलं गेलं, पाच बायका-मुली गेल्या. त्या घरातली आई, मेव्ल्युदे गेन्च, सूड नको म्हणाली आणि दोन वर्षांनी जर्मन नागरिक झाली. तुम्ही महिनाभर रात्री दाराशी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या.

१९९९ चा जानेवारी, फ्रँकफर्ट. मुलीकडे आला आहात. बाजारात थंडीत टेबल मांडलंय, सह्या गोळा होताहेत. नवं सरकार दुहेरी नागरिकत्व देऊ पाहतंय आणि हेसेन राज्याच्या निवडणुकीत रोलांड कोख यांचा पक्ष त्याविरुद्ध सह्यांची मोहीम चालवतोय. देशभरात पन्नास लाखांच्या आसपास सह्या. टेबलापाशी तुमची सही कुणी मागत नाही. ७ फेब्रुवारीला कोख जिंकतात, वरिष्ठ सभागृहातलं बहुमत सरकारच्या हातून जातं आणि कायदा तडजोडीचा होतो: १ जानेवारी २००० पासून, आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहिलेले असतील तर इथे जन्मलेलं मूल जर्मन, पण तेविसाव्या वर्षापर्यंत दोनपैकी एक पासपोर्ट निवडायचा. त्या वर्षी जन्मलेली नात तुमच्या घरातली पहिली जन्मजात जर्मन.

त्याच २००० सालात तुमचं मराठी डोकं अचानक जागं होतं. बातम्यांत भारत. चान्सलर श्र्योडर २० हजार संगणकतज्ज्ञ बाहेरून आणायचं म्हणताहेत आणि तुमच्याच राज्यात युर्गेन ऱ्यूटगर्स यांच्या प्रचाराचा सूर असा की भारतीय कशाला, आपली मुलं शिकवा. परवान्याची मुदत किती? पाच वर्षं. तुम्ही टीव्हीपुढे मोठ्याने हसता, बायको विचारते काय झालं. एकोणचाळीस वर्षांनी तेच कलम, फक्त दोनाचे पाच झालेले. साडेचार वर्षांत वीस हजारांचा आकडाही गाठला गेला नाही. ज्याला अमेरिकेचंही दार उघडं आहे तो पाच वर्षांची मुदत वाचून आधी विचार करणारच. तो काही सावकाराच्या धाकाने रांगेत उभा नव्हता.

२७ जून २०२४ ला नवा कायदा लागू होतो. पाच वर्षांत नागरिकत्व, विशेष चांगलं बस्तान बसवलेल्यांना तीन वर्षांत, आणि जुना पासपोर्ट सोडायची सक्ती नाही. तुमच्या पिढीसाठी खास सूट: जून १९७४ पर्यंत आलेल्या कामगारांना लेखी परीक्षा नाही, रोजचं बोलता आलं की पुरे. वय सत्त्याऐंशी. नात हाताला धरून कोलोनच्या कार्यालयात नेते. अधिकारी बाई विचारते, काय काम करत होता? तुम्ही फोरमनकडून शिकलेल्या जर्मनमध्ये बोल्ट पिळण्याचं इतकं तपशीलवार वर्णन करता की तिलाच थांबवावं लागतं.

बाहेरच्या बाकावर सांगलीकडची एक नर्स बसली आहे. पुण्यात जर्मन शिकून दोन वर्षांपूर्वी आली. आता महाराष्ट्र सरकारनेच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केलाय, दहा हजार तरुणांना पाठवायचं म्हणतात. तिचा भाऊ त्यात नाव घालू का विचारतोय. "आजोबा, तुम्हाला किती वर्षं लागली?" ती विचारते. एकसष्ट, तुम्ही सांगता. ती आधी हसते, मग गप्प होते. तिची अडचण वेगळी. जर्मनीने दोन पासपोर्टना हरकत घेणं सोडलं, पण भारताच्या कायद्यात दुसरं नागरिकत्व घेतलं की पहिलं आपोआप जातं. भारतीय मुळाचं कार्ड मिळेल. सांगलीला जाता-येता येईल, मत देता येणार नाही, शेतजमीन घेता येणार नाही. ती तीन वर्षांच्या वाटेने जायचं म्हणते. भाषेची वरची परीक्षा द्यायची आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

"परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या वर्षी देईन. घाई काय आहे?"

"याच वर्षी दे," तुम्ही म्हणता. "इथे पासपोर्ट हे घर बांधायचं पहिलं जोतं म्हणायचं की शेवटचं छप्पर, यावर भांडण आहे. छप्पर म्हणणारे पुन्हा सत्तेवर येतील. आईला आज रात्री फोन कर."

ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मन संसदेने तीन वर्षांची वाट बंद केली. पाच वर्षांची तेवढी शाबूत ठेवली.